डोडोमाला पोचल्यावर लगेच कामाला लागू नकोस

तुझा प्रश्न असा: मिरजेला नर्सिंग झालंय, सोलापुरात काही वर्षं वॉर्ड सांभाळलायस, आता जानेवारीत नवरा आणि चार वर्षांच्या लेकीला घेऊन टांझानियात डोडोमाजवळच्या चर्चच्या हॉस्पिटलात तीन वर्षांच्या सेवेसाठी निघाली आहेस. आपल्या चर्चच्या मंडळीने निरोपाची उपासना ठरवली आहे, बॅगा भरणं सुरू आहे, आणि तू विचारतेस, "मावशी, उतरल्या उतरल्या काय करायचं? सुरुवातीला लोकांचं कुठे बिघडतं?"

बिघडतं ते घाईने. मी त्याच भागात नर्सिंग शाळेत शिकवलं, माझे यजमान तिथल्या हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये होते. त्या वर्षांत बाहेरून आलेली बरीच माणसं पाहिली, आपल्याकडची, केरळची, जर्मनीची. त्यातली जी टिकली ती हुशार होती किंवा फार प्रार्थनाशील होती असं काही मला दिसलं नाही. टिकली ती पहिला महिना-दीड महिना पाहुणं म्हणून राहायला तयार असलेली. ज्यांना दुसऱ्याच दिवशी एप्रन चढवून वॉर्डात उभं राहायचं होतं, त्यातली निम्मी वर्षाच्या आत कुरबुरी घेऊन परतली.

आणि तसंही कायद्याने तुला लगेच कामाला हात लावता येणार नाही. टांझानिया नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलकडे नोंदणी झाल्याशिवाय पेशंटला सुई टोचायची नाही, आणि निवास परवाना हातात आल्याशिवाय काम सुरू करायचं नाही. नुसत्या व्हिजिटर व्हिसावर "थोडी मदत करते" असं म्हणून वॉर्डात उभं राहणंही चालत नाही, मग कोणी कितीही आग्रह करो. मिशनरी आणि स्वयंसेवकांना तिथे साधारणपणे ‘सी’ वर्गाचा परवाना मिळतो. तुझ्यासाठी हॉस्पिटल नक्की कुठला काढतंय आणि नोंदणीची फी कोण भरतंय, हे निघण्याआधी त्यांच्याकडून लेखी मागून घे. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं ‘गुड स्टँडिंग’चं, म्हणजे तुझी नोंदणी चालू आणि निर्दोष असल्याचं पत्र, मार्कलिस्टा, लग्नाचा दाखला, मुलीचा जन्मदाखला, सगळं मूळ कागद हातातल्या बॅगेत ठेव. चेक-इनच्या बॅगेत टाकू नकोस.

परवाना रेंगाळला की जीव कासावीस होतो. आपण देवाच्या कामाला आलोय आणि कारकून म्हणतोय पुढच्या मंगळवारी या. तेव्हा आपल्याच मिशनचा इतिहास आठव. 1813 च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट मुंबईला उतरले. अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात त्यांच्यापासून झाली, त्यातूनच पुढे अहमदनगर आणि आपलं सोलापूर. कंपनी सरकारने त्यांना लगेच परत जायचा हुकूम दिला होता. कित्येक महिने अर्ज-विनंत्या, धावपळ, आणि मग कुठे राहायची मोकळीक मिळाली. तुझ्याकडे निदान पावती नंबर तरी असेल.

त्या रिकाम्या वाटणाऱ्या दिवसांत भाषा शीक. मोरोगोरोला लुथरन चर्चची जुनी भाषाशाळा आहे. हॉस्पिटल पाठवत असेल तर आढेवेढे न घेता दोघांनी जा. नसेल पाठवत तर शाळेतून निवृत्त झालेला एखादा गुरुजी गाठ, रोज दोन तास, मोबदला ठरवून. इंग्रजीवर भागेल असं तुला कोणीतरी सांगेल. डॉक्टरांशी भागेल. पेशंटशी, तिच्या सासूशी, भाजीवालीशी, चर्चच्या बायकांशी भागणार नाही. आपल्या सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, ते चिनी शिकले आणि त्या भाषेत विद्यार्थ्यांना शिकवायला लागले. लढाई चालू असताना. तुला तर निवांत महिना मिळतोय.

स्वाहिली आपल्याला तशी जड नाही. साबणाला साबुनी, रंगाला रांगी, हिशोबाला हेसाबू, दुकानाला डुका. रिक्षाला तिथे बाजाजी म्हणतात, आपल्या पुण्याच्या बजाजवरून. नात्यांचे शब्द मात्र आधीच घोटून घे, नाहीतर लेक गोंधळेल: मामा म्हणजे आई, दादा म्हणजे बहीण, काका म्हणजे भाऊ. वडील तेवढे बाबाच. तुला तुझ्या नावाने फारसं कोणी हाक मारणार नाही, मुलीच्या नावापुढे ‘मामा’ लावून बोलावतील. तो मान आहे.

व्याकरणाआधी शिकायचं ते नमस्कार करणं. आपण कामाची माणसं, वॉर्डात शिरलो की "काल रात्री किती युरिन आउटपुट?" असं थेट विचारतो. तिथे हे उद्धटपणाचं धरतात. आधी हाबारी, म्हणजे काय खबर, मग घरची हाबारी, मग कामाची हाबारी, रात्र कशी गेली, मुलं कशी आहेत. प्रत्येकाला ‘न्झुरी’ किंवा ‘सालामा’, म्हणजे छान, ठीक, असं उत्तर. मग पेशंट. वयाने मोठ्या माणसाला, मग ती झाडणारी मावशी असली तरी, आधी तू ‘शिकामो’ म्हणायचं. त्या ‘मराहाबा’ म्हणतील. तू बाहेरून आलेली सिस्टर असून झाडणाऱ्या बाईला शिकामो म्हणालीस ही गोष्ट दुपारपर्यंत सगळ्या आवारात पोचते. उलट ‘हॅलो’ म्हणून पुढे गेलीस तर तीही पोचते, जरा लवकरच.

कोणाच्या दारात गेलीस तर बाहेरूनच ‘होडी’ म्हणायचं आणि आतून ‘कारिबू’ येईपर्यंत थांबायचं. कोणी थकलेलं दिसलं, ठेचकाळलं, आजारी पडलं, की ‘पोले’. कामावरून येणाऱ्याला ‘पोले ना काझी’. यात माफी मागणं नसतं, तुझं दुखणं मला कळतंय एवढंच. दिवसातून पंचवीसदा म्हणावं लागतं, म्हण.

पहिल्याच रविवारी तुम्हाला उपासनेत पुढे बोलावतील. पाहुण्यांनी उभं राहून ओळख द्यायची पद्धत आहे, चुकत नाही. तीन वाक्यं पाठ करून जा: "ब्वाना असिफिवे. नाइत्वा अमुक, निनातोका इंडिया. नाजिफुंझा किस्वाहिली." प्रभूची स्तुती असो, माझं नाव अमुक, मी भारतातून आले, स्वाहिली शिकते आहे. शेवटच्या वाक्याला लोक टाळ्या वाजवतात आणि नंतर निदान दहा जणी येऊन तुला शिकवायला लागतात. त्या दिवशी साक्ष द्यायचा, म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगायचा मोह टाळ. तुझी साक्ष ऐकायला पुढे तीन वर्षं आहेत. उपासना लांब चालते, दोन-तीन गायनमंडळं असतात, मुलीसाठी खाऊ आणि पाणी बरोबर ठेव. बऱ्याच ठिकाणी अर्पणात आलेली कोंबडी, अंडी, ऊस यांचा उपासनेनंतर बाहेर लिलाव होतो. आपल्याकडच्या हंगामाच्या सणाला होतो तसाच, तू लगेच रुळशील. काहीतरी बोली लावून घे. चाली तर ओळखीच्या निघतातच. ‘उपासना संगीत’ या आपल्या गीतपुस्तकातली बरीच पाश्चात्त्य गीतं तिथे स्वाहिलीत गातात, तू मराठीत गुणगुणलीस तरी कोणी काही म्हणत नाही.

घड्याळाचं एक सांगून ठेवते, कारण यात सगळे एकदा फसतात. स्वाहिलीत तास मोजायचे सूर्य उगवल्यापासून. सकाळचे सात म्हणजे ‘सा मोजा’, पहिला तास. आठ वाजता म्हणजे ‘सा म्बिली’, दुसरा. कोणी स्वाहिलीत "दोन वाजता या" म्हणालं तर ते सकाळी आठला वाट बघत असतात आणि तू दुपारी दोनला पोचतेस. घड्याळात त्या आकड्याच्या बरोबर समोरचा आकडा बघ, तो आपला. इंग्रजीत बोलताना मात्र तीच माणसं आपल्यासारखी वेळ सांगतात. म्हणून ‘सकाळी का दुपारी’ हे विचारूनच उठायचं.

आता घराचं. बॅगा भरताना आईने प्रत्येक वस्तू कॅरीबॅगेत गुंडाळली असेल, ती सगळी काढ. टांझानियात 1 जून 2019 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे आणि ती बाहेरून येणाऱ्या प्रवाशांनाही लागू आहे. विमानतळावर काढून घेतात. कापडी पिशव्या शिव, जुन्या साड्यांच्या.

तूरडाळ, ज्वारीचं पीठ, शेंगदाणे असलं वजन नेऊ नकोस. डोडोमाचा मुलूख आपल्यासारखाच कोरडा. पाऊस डिसेंबर ते मार्च-एप्रिल, बाकी वर्षभर धूळ. ज्वारी तिथे पिकते, तिला म्तामा म्हणतात, बाजरी उवेले, शेंगदाणे कारांगा, मूग चोरोको, तूर म्बाझी, आणि ती तर आपल्या बाजारात तिथून येते. फक्त तिथे तूर अख्खी मिळते, भिजवून शिजवावी लागते. माठाची भाजी म्चिचा म्हणून रोज दारावर येते. ज्वारी घेताना पांढरा दाणा बघून घे. लाल दाण्याची भाकरी तुरट लागते आणि कडेने फाटते. पिठाच्या गिरणीवर "अगदी बारीक" असं दोनदा सांग, ते उगालीसाठी, म्हणजे तिथल्या पिठाच्या घट्ट उकडीसाठी, जाडसर दळतात. तेव्हा न्यायचं काय, तर लोखंडी तवा, छोटा कुकर आणि त्याच्या दोन जादा रिंगा, काळं तिखट, हिंग, गोडा मसाला. शेंगाचटणी एक किलो, तीही खाण्यापेक्षा वाटण्यासाठी. दाणे तिथे आहेत, लसूण आहे, खलबत्ता शेजारणीकडे आहे, पुढची चटणी तिथेच कुट. शेजारणीलाही दाखव.

पण पहिले पंधरा दिवस घरात स्वयंपाक कमी कर, असं मी सांगेन. जे बोलावतील त्यांच्याकडे जेव. उगाली उजव्या हाताने, गोळा करून, मध्ये अंगठ्याने खळगा पाडून त्यात भाजी घ्यायची. जेवणाआधी घरातलं कोणीतरी तांब्याने हातावर पाणी घालतं. तेव्हा "मी बेसिनमध्ये धुते" म्हणू नकोस, हात पुढे कर. जेवण नको असेल तरी दोन घास घ्यायचेच.

पाण्याचा बाऊ करू नकोस. चार-पाच दिवसांनी येणाऱ्या नळाला पिंप, टाकी, हंडे भरून ठेवायची सवय असलेल्या सोलापूरकराला तिथे शिकण्यासारखं फारसं नाही. पिण्याचं उकळून गाळून घे. वीज प्रीपेड आहे, तिला लुकू म्हणतात. मोबाइलवरून पैसे भरले की वीस आकडी नंबर येतो, तो मीटरवर दाबायचा. रात्री अंधारात, लेक रडत असताना तो नंबर दाबायचा नसेल तर युनिट संपायच्या आधीच भर. प्लग तीन चौकोनी पिनांचा, अडॅप्टर इथूनच ने. सिमकार्ड पासपोर्ट आणि बोटांचे ठसे देऊन मिळतं, ते पहिल्या दोन दिवसांत घे, कारण बाजार, वीज, भाडं, सगळं मोबाइल मनीवर चालतं आणि कोपऱ्याकोपऱ्यावर त्याचे वाकाला, म्हणजे एजंट, बसलेले असतात. डोडोमा समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या आसपास आहे, जून-जुलैच्या रात्री गारठा असतो. आफ्रिका म्हणजे ऊन असं समजून स्वेटर ठेवून जाऊ नकोस. सोलापुरी चादरी दोन जास्तीच्या ने, पाळकाच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या, आणि मेट्रनच्या, म्हणजे मुख्य नर्सच्या, घरी द्यायला यापेक्षा चांगली भेट मला सुचत नाही.

मलेरियाला मात्र घाबर. आपल्याकडे मलेरिया म्हणजे चार दिवस ताप, गोळ्या, झालं, अशी एक समजूत आहे. तिथे मुख्यतः फाल्सिपेरम, म्हणजे मलेरियाचा सगळ्यात घातक प्रकार आहे आणि तुम्हा तिघांच्या अंगात त्याला तोंड देण्याची कसलीही तयारी नाही. मच्छरदाणी औषध लावलेली, पहिल्या रात्रीपासून, लेकीच्या गादीखाली चारी बाजूंनी खोचून. प्रतिबंधक गोळ्यांचं निघण्याआधी डॉक्टरांना विचार, मुलीचा डोस वजनावर ठरतो. ताप आला की त्याच दिवशी तपासणी, "प्रवासाचा शीण असेल" हे वाक्य घरात बंद. सुट्टीला सोलापूरला आल्यावर ताप आला तरी इथल्या डॉक्टरला पहिल्या वाक्यात सांगायचं की आम्ही टांझानियाहून आलोय. पिवळ्या तापाची लसही घेऊन ठेव, प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच. पुढेमागे केनिया किंवा इथिओपियाला एखाद्या सभेला गेलात आणि कार्ड नसताना तिथून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात, तर सहा दिवसांपर्यंत अलगीकरणात ठेवू शकतात. आणि साप-सिंहांची भीती घालणाऱ्या नातेवाइकांना सांग, तिथे खरा धोका रस्त्याचा आहे. बोडाबोडावर, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवर, लेकीला घेऊन बसायचं नाही. रात्रीचा लांबचा प्रवास टाळायचा. दारेसलाम ते डोडोमा 2024 पासून विजेची नवी रेल्वे चालू झाली आहे, बसपेक्षा ती बरी.

पैशाचा प्रश्न तू विचारलेला नाहीस, पण पहिल्या महिन्यात तोच येऊन दारात उभा राहतो. कोणीतरी अगदी सभ्य माणूस, बहुतेक चर्चमधलाच, संध्याकाळी येईल, चहा घेईल, मुलाच्या शाळेची फी किंवा आईचं औषध सांगेल आणि उसने मागेल. खरं असतं ते बहुतेक वेळा. तरी उसने द्यायचे नाहीत. कर्ज दिलं की तो माणूस तुला टाळायला लागतो, पैसे जातात आणि माणूसही जातो. देण्यासारखं वाटलं तर थोडं, परत न मागता, आणि शक्यतो पाळक किंवा हॉस्पिटलच्या समाजसेवकाच्या हातून. "आम्ही दोघं आधी बोलतो, पाळकांना विचारतो" हे वाक्य तयार ठेव, यात कोणाचा अपमान होत नाही, तिथेही मोठे निर्णय विचारूनच होतात. घरकामाला बाई ठेवशील तेव्हा पगार शेजाऱ्यांना विचारून ठरव. दया येऊन दुप्पट दिलास तर बाकीच्या घरांतल्या बायका आपल्या मालकिणींशी भांडतील आणि दोष तुझ्यावर येईल.  

तुला तिथे म्हिंदी म्हणतील, म्हणजे भारतीय. बऱ्याच जणांना पहिल्यांदा वाटेल तुमचं कुठेतरी दुकान आहे, कारण पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी पाहिलेला भारतीय काउंटरच्या मागे बसलेला. तू ख्रिस्ती आहेस यावर तर पटकन विश्वासच बसणार नाही. भारतीय ख्रिस्ती कसा असेल, असं सरळ तोंडावर विचारतात. राग धरू नकोस. शहरातले गुजराती व्यापारी तुम्हाला मायेने जेवायला बोलावतील, जा, मसाले तिथेच मिळतात. पण रविवारची संध्याकाळ तिथे आणि बाकी आठवडा हॉस्पिटलच्या कुंपणात असं चक्र पहिल्या महिन्यात बसलं की मग ते सुटत नाही. चालत बाजारात जा. कांगा, म्हणजे तिथल्या बायका कमरेला गुंडाळतात ते छापील कापड, नेस, गुडघे झाकणारं काहीही चालतं, पंजाबी ड्रेसही चालतो.

आणि एक कडू बोलते. आपण मराठीत, आपसात, "हे काळे" असं सहज बोलतो. भाषा कळली नाही तरी सूर कळतो, आणि चार महिन्यांत तुझी लेक ते शेजारच्या पोरांना भाषांतर करून सांगेल. ज्यांच्या आजोबांना गावात पाणी ओंजळीत वरून घालायचे, त्यांच्या घरातून आपण निघालोय. बोलताना ते विसरायला होतं, म्हणून आधीच सांगितलं. घरातल्या घरातही नको.

तुझ्या नवऱ्याची मला तुझ्यापेक्षा जास्त काळजी आहे. तुला पंधरा दिवसांत मेट्रन भेटेल, वॉर्ड दिसेल, ओळख मिळेल. तो अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्याचा हिशोब सोडून येतोय, आणि तिथे बहुतेक तुझ्यावर अवलंबून असलेला म्हणून त्याची नोंद होईल, म्हणजे पगाराचं काम करता येणार नाही. सकाळी तू बाहेर, लेक शाळेत, आणि हा घरात. चौथ्या दिवशी आवारातले पुरुष विचारतील, तुम्ही काय करता? सोलापूरहून वडील फोनवर तेच विचारतील. हे दोघांनी निघण्याआधी बोलून घ्या, तिथे गेल्यावर बोलणं भांडणातच होतं. माझ्या पाहण्यात ज्या घरात हे नीट झालं, तिथे नवऱ्याने पहिले तीन महिने भाषेवर जोर दिला आणि बायकोच्या पुढे गेला. बाजारहाट त्याच्याकडे, परवान्याच्या कचेरीच्या खेपा त्याच्याकडे, चर्चच्या गायनमंडळात तो. हिशोबाची मदत चर्चने मागितली तर परवान्यात बसतं का ते विचारून, आणि पैशाच्या पेटीची किल्ली कधीही हातात न घेता.

लेकीचं सोपं आहे. तिथलं शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं, तुम्ही वेळेवर पोचताय. जवळच्या बालवाडीत, स्वाहिली बोलणाऱ्या पोरांत घाल. पहिला आठवडा रडेल, दुसऱ्यात जेवेल, मग तुला शब्द सांगायला लागेल. तिचे केस आणि गाल सगळे हात लावून बघतील, त्याची कल्पना तिला विमानातच दे.

तुमच्या विभागातल्या कोणाकडे माणूस गेलं, तर तू नवीन असलीस तरी जायचं. म्सिबा म्हणतात त्याला. अंगणात बायका चटईवर बसलेल्या असतात, बाजूला चूल पेटलेली असते. जायचं, ‘पोले’ म्हणायचं, त्यांच्यात बसायचं. बोलायला काही लागत नाही. मिळून जमा करतात त्या राम्बीराम्बीत, दुखवट्याच्या पैशांत, शेजारीण घालेल तेवढेच घालायचे, जास्त नाही. तू तासभर चटईवर बसलीस हे लोक वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तुझा मूड जाईल. निरोपाच्या हारांची झिंग उतरलेली असते आणि भाषा अजून आलेली नसते. लुकूच्या नंबरावरून रडू येईल, नवऱ्याच्या चपलांच्या आवाजाचा राग येईल, प्रार्थनेत मन लागणार नाही. तुझ्या श्रद्धेत काही कमी पडलं असं समजू नकोस, परदेशी गेलेल्या जवळजवळ प्रत्येकाचं हे होतं. झोप पुरी घे, आठवड्यातून एक दिवस आवाराच्या बाहेर जा, रात्री तिघं मिळून अर्धा तास मराठीत वाचा, शास्त्र असो की लेकीची गोष्ट. घरी व्हिडिओ कॉल रोज नको. रोज आईचा चेहरा दिसला की पाय तिथे टेकतच नाहीत. रविवारी ठरवून कर. तिथले सहा म्हणजे इथले साडेआठ, सगळे घरी असतात. झोप उडाली, खाणं सुटलं, आणि ते दोन-तीन आठवडे तसंच राहिलं तर मात्र डॉक्टरला सांग आणि पाठवणाऱ्या मंडळीलाही कळव, लपवू नकोस.

वॉर्डात उभी राहशील तेव्हा आधी एका तिथल्या सिस्टरच्या मागे मागे फिर, वय कमी असलं तरी. ग्लोव्हज कशासाठी राखून ठेवतात, नातेवाईक कुठे शिजवतात, कोणतं औषध कधी संपतं, हे तिला माहीत असतं. "मिरजेला आम्ही असं करायचो" हे वाक्य सहा महिने तोंडातून काढू नकोस. डोडोमाच्या पूर्वेला कोंग्वा नावाचं ठिकाण आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, 1947 साली, ब्रिटिश सरकारने तिथे ट्रॅक्टर-बुलडोझर आणून शेंगदाण्याची अवाढव्य लागवड काढली. पाऊस किती बेभरवशाचा आहे आणि ती माती उन्हात कशी दगडासारखी होते हे तिथल्या गोगो जमातीच्या शेतकऱ्यांना ठाऊक होतं. त्यांच्या शहाणपणाला कोणी किंमत दिली नाही. 1951 साली गाशा गुंडाळला, साडेतीन कोटी पौंडांहून जास्त बुडाले. शेंगा आजही तिथे पिकतात, शेतकऱ्यांच्या लहान लहान तुकड्यांत, त्यांच्या पद्धतीने. नवी कल्पना मांडायची असेल तर आधी मेट्रनला एकटीला विचार, सगळ्यांसमोर कधीही नाही.

मंडळीला पहिला अहवाल लिहायची घाई करू नकोस. सगळे मागतील. पोचलो, तब्येत बरी, घर मिळालं, भाषा शिकतोय, एवढं पुरे. पेशंटचे, उघड्या पोरांचे, जखमांचे फोटो ग्रुपवर टाकायचे नाहीत, अर्पण वाढतं म्हणून तर अजिबात नाही. इथे तुझ्या वॉर्डातल्या बाईचा फोटो कोणी परदेशात पाठवला असता तर तू काय केलं असतंस? तिथल्या सिस्टरांनाही तसंच वाटतं, आणि फोटो फिरत फिरत त्यांच्यापर्यंत पोचतोच.

नोंदणीचा फॉर्म आणि तुझे दाखले येत्या रविवारी उपासनेला येताना घेऊन ये. कुठला कागद आधी लागतो ते बघून देते. नवऱ्यालाही थांबायला सांग, यजमानांना त्याच्याशी बोलायचंय.